बालहक्कांवरील शैक्षणिक नेटवर्कचे सदस्यत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न विद्यार्थी, प्राध्यापक, वकील, शिक्षक आणि मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येत असतात. प्रत्येक नेटवर्कची नियमावली वेगळी असल्यामुळे अंतिम शब्द त्या नियमावलीचाच मानावा. येथे दिलेली उत्तरे अशा बहुतेक नेटवर्कना लागू पडतील अशा बेताने लिहिली आहेत.

१. बालहक्कांवरचे शैक्षणिक नेटवर्क म्हणजे नेमके काय असते?

बालहक्कांचा अभ्यास करणारी विद्यापीठे, संशोधन संस्था आणि व्यक्ती यांनी एकमेकांचे काम एकमेकांपर्यंत पोहोचवण्यासाठी आणि एकट्याच्या आवाक्याबाहेरचे संशोधन मिळून करण्यासाठी उभी केलेली ही रचना असते. तिची गरज विषयाच्या स्वरूपातूनच निर्माण झाली आहे. बालहक्कांचा अभ्यास कायद्याच्या विभागात होतो, तसाच तो शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या विभागांतही होतो. त्यामुळे एकेका विभागात या विषयाचा अभ्यासक बहुधा एकटाच असतो आणि त्याचे काम समजून घेणारे सहकारी दुसऱ्या विद्यापीठात, अनेकदा दुसऱ्या देशात असतात. १९९३ मध्ये स्थापन झालेले ‘चाइल्डवॉच इंटरनॅशनल’ हे संशोधन संस्थांचे नेटवर्क याच गरजेतून उभे राहिले, तर युरोपात बालहक्कांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांनी एकत्र येऊन स्वतंत्र नेटवर्क बांधले. संयुक्त संशोधन, अभ्यासक्रमांची आखणी, परिषदा, अल्पकालीन अभ्यासवर्ग आणि नव्या संशोधकांना मार्गदर्शन ही या नेटवर्कची नेहमीची कामे असतात.

२. मग स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीत आणि यात फरक काय?

आघाडीचे उद्दिष्ट धोरण बदलवणे हे असते, तर शैक्षणिक नेटवर्कचे उद्दिष्ट ज्ञान तयार करणे आणि तपासणे हे असते. उदाहरणार्थ, आज ‘चाइल्ड राइट्स कनेक्ट’ या नावाने ओळखली जाणारी जिनिव्हातील आघाडी १९८३ मध्ये स्वयंसेवी संस्थांचा अनौपचारिक गट म्हणून सुरू झाली, ती संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या मसुद्यावर प्रभाव टाकण्यासाठी. आणि तिने तो टाकलाही. शैक्षणिक नेटवर्कमध्ये मात्र एखाद्या मोहिमेला गैरसोयीचे ठरणारे निष्कर्षसुद्धा मांडता आले पाहिजेत. ही सीमारेषा व्यवहारात पुसट होते, कारण तीच माणसे दोन्हीकडे असतात. तरीही अर्ज करण्यापूर्वी आपल्याला यांपैकी काय हवे आहे ते ठरवावे. आपले मुख्य काम मोहिमा चालवण्याचे असेल, तर आघाडीत ते अधिक फलदायी होईल.

३. मी कायद्याचा पदवीधर नाही. मला सदस्यत्व मिळेल का?

मिळेल. या क्षेत्रातील बराच मोठा भाग कायद्याबाहेरच्या अभ्यासकांनी उभा केला आहे, आणि केवळ वकिलांचे नेटवर्क एकांगी होते. कायद्याची पदवी नसणे हा अडसर नाही. आपल्या संशोधनाचा हक्कांशी असलेला संबंध सांगता न येणे हा मात्र अडसर आहे (प्रश्न ५ पाहा).

४. अर्जापूर्वी बालहक्क करार संपूर्ण वाचलेला असावा लागतो का?

नियम म्हणून कोणी तसे विचारत नाही, पण वाचलेला असावा. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या आणि २ सप्टेंबर १९९० पासून अमलात आलेल्या या करारात ५४ कलमे आहेत; एका संध्याकाळी ती सहज वाचून होतात. कलम १ मध्ये बालकाची व्याख्या आहे. कलम २ मधील भेदभावास मनाई, कलम ३ मधील बालकाचे सर्वोत्तम हित, कलम ६ मधील जीवन व विकासाचा हक्क आणि कलम १२ मधील स्वतःचे मत मांडण्याचा व ते विचारात घेतले जाण्याचा हक्क ही चार कलमे, कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने कराराची सर्वसाधारण तत्त्वे मानली आहेत, आणि या क्षेत्रातील चर्चा वारंवार त्यांच्याकडे वळते.

मात्र केवळ करार वाचून भागत नाही, कारण त्यातील शब्द मोघम आहेत आणि त्यांचा अर्थ समितीच्या सर्वसाधारण टिप्पण्यांमधून, म्हणजे कलमांचा अर्थ लावणाऱ्या तिच्या अधिकृत दस्तऐवजांमधून, उलगडत गेला आहे. मत मांडण्याच्या हक्कावरील बारावी टिप्पणी (२००९), सर्वोत्तम हितावरील चौदावी (२०१३), डिजिटल वातावरणावरील पंचविसावी (२०२१) आणि पर्यावरण व हवामानबदलावरील सव्विसावी (२०२३) यांपैकी आपल्या विषयाला लागू असणारी टिप्पणी मुळातून वाचावी. कराराला जोडलेले तीन ऐच्छिक प्रोटोकॉलही (राष्ट्रांनी वेगळे स्वीकारायचे पूरक करार) आहेत: सशस्त्र संघर्षातील मुलांविषयीचा आणि मुलांची विक्री, वेश्याव्यवसाय व अश्लील चित्रण यांविषयीचा हे दोन २००० सालचे, आणि मुलांना थेट समितीकडे तक्रार करण्याची वाट देणारा तिसरा, जो २०११ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१४ मध्ये अमलात आला. दुय्यम पुस्तकांतील सारांशांवर विसंबून लिहिलेला अर्ज जाणत्या परीक्षकाला दुसऱ्या परिच्छेदातच ओळखू येतो.

५. माझे संशोधन मुलांविषयीच आहे. ते आपोआप बालहक्कांचे संशोधन ठरत नाही का?

ठरत नाही, आणि अर्ज फेटाळले जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. मुले हा अभ्यासाचा विषय असणे आणि मुलांचे हक्क ही अभ्यासाची चौकट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या प्रदेशातील पाच वर्षांखालील मुलांची उंची व वजन मोजून कुपोषणाचे प्रमाण काढणे हे सार्वजनिक आरोग्याचे मोलाचे काम आहे. त्याच आकडेवारीपुढे, आरोग्य व पोषणाविषयीच्या कलम २४ नुसार आणि पुरेशा जीवनमानाविषयीच्या कलम २७ नुसार येथे कोणाचे कोणते कर्तव्य होते, कलम ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे उपलब्ध साधनसंपत्तीच्या कमाल मर्यादेपर्यंत खर्च झाला का, कोणत्या गटातील मुले वगळली गेली आणि कुटुंबांना दाद मागण्याची कोणती वाट होती, असे प्रश्न विचारले की ते बालहक्कांचे संशोधन होते. म्हणजे मूल हे मदत स्वीकारणारे नसून हक्कधारक आहे आणि त्याच्या समोर कोणीतरी उत्तरदायी आहे, हे गृहीतक संशोधनाच्या मांडणीत दिसले पाहिजे. शिक्षण, बालन्याय, स्थलांतर, दत्तकविधान, खेळ अशा कोणत्याही विषयाला हीच कसोटी लावता येते.

आपले आधीचे काम या चौकटीत बसत नसेल तर ते ओढूनताणून बसवू नये. ‘माझे आजवरचे काम विकासात्मक मानसशास्त्रातील आहे आणि आता मला ते कलम ५ मधील मुलाच्या विकसित होत जाणाऱ्या क्षमतांच्या संकल्पनेशी जोडायचे आहे’, असे सरळ वाक्य चालते, किंबहुना आवडते.

६. अर्जासोबतच्या पत्रात काय लिहावे?

आपण काय अभ्यासले, पुढील दोन-तीन वर्षांत काय करू इच्छिता आणि नेटवर्कच्या कोणत्या कार्यगटात कोणती भर घालू शकाल, एवढेच लिहावे. मुलांविषयीच्या जिव्हाळ्याचे परिच्छेद वगळावेत. तो सर्वच अर्जदारांना असतो. परिचयपत्र, प्रकाशनांची निवडक यादी आणि नियमावलीत मागितले असल्यास विद्यमान सदस्याचे शिफारसपत्र जोडावे. ‘मला आपल्या नेटवर्ककडून खूप शिकायचे आहे’ हे वाक्य प्रामाणिक असले तरी ते एकटे पुरेसे नसते, कारण परीक्षक देवाणघेवाणीची दुसरी बाजूही शोधत असतात. भाषांतर करता येणे, आकडेवारीचे विश्लेषण जमणे, एखाद्या कमी अभ्यासल्या गेलेल्या भाषिक समूहातील मुलांसोबत कामाचा अनुभव असणे या बाबी लांबलचक प्रकाशनयादीपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतात.

७. वैयक्तिक सदस्यत्व घ्यावे की संस्थेमार्फत?

काही नेटवर्कमध्ये हा पर्यायच नसतो, कारण तेथे केवळ संस्थाच सदस्य होऊ शकतात आणि अभ्यासक त्या संस्थेचा प्रतिनिधी म्हणून सहभागी होतो. पर्याय असेल तेथे आपली नोकरी किती स्थिर आहे आणि आपल्या विभागातील आणखी कोणी सहभागी होणार आहे का, हे पाहून ठरवावे. संस्थात्मक सदस्यत्वात मतदानाचा अधिकार, विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या संधी आणि संयुक्त निधीसाठीची पात्रता या जमेच्या बाजू असतात. परंतु कुलगुरू किंवा संचालकांची सही, सामंजस्य करार आणि अंतर्गत मंजुरी यांत बराच वेळ जातो. वैयक्तिक सदस्यत्व लवकर मिळते आणि नोकरी बदलली तरी आपल्यासोबत राहते. संस्थात्मक सदस्यत्व मात्र संस्थेकडेच राहते, आणि नव्या ठिकाणी गेल्यावर पुन्हा अर्ज करावा लागतो.

८. वर्गणी असते का?

काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. असल्यास विद्यार्थ्यांसाठी आणि कमी उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासकांसाठी सवलतीची तरतूद आहे का, हे विचारून घ्यावे. अनेकदा ती जाहीर केलेली नसते, पण मागितल्यावर मिळते.

९. मी पीएचडी करत आहे आणि माझ्या मार्गदर्शकांना या विषयात रस नाही. मी एकट्याने अर्ज करू शकतो का?

विद्यार्थी सदस्यत्व असेल तर करू शकता, आणि अशा स्थितीतील विद्यार्थ्याला नेटवर्कचा सर्वाधिक उपयोग होतो. मात्र मार्गदर्शकांना अंधारात ठेवू नये. नेटवर्कमधील ज्येष्ठ सदस्य आपला मसुदा वाचतील, संदर्भ सुचवतील, कदाचित सहमार्गदर्शक होण्याची तयारीही दाखवतील, पण विद्यापीठाच्या दृष्टीने जबाबदारी नेमलेल्या मार्गदर्शकांचीच राहते. प्रबंधाची दिशा बाहेरच्या सल्ल्याने बदलली आणि ते त्यांना शेवटच्या टप्प्यावर कळले, तर त्याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

१०. सदस्य झाल्यावर प्रत्यक्षात काय करावे लागते?

नियमावलीत वार्षिक सभेला उपस्थिती, आपल्या कामाचा वर्षातून एकदा लेखी आढावा आणि एखाद्या कार्यगटात सहभाग एवढीच अपेक्षा असते. खरे काम कार्यगटांतच होते. बालन्याय, सहभाग, डिजिटल हक्क, स्थलांतरित मुले अशा विषयांवर आठ-दहा जण नियमित भेटतात, एकमेकांचे मसुदे वाचतात आणि त्यांतून लेख, अभ्यासक्रम किंवा निधीसाठीचे प्रस्ताव तयार होतात. सदस्यांच्या यादीत केवळ नाव असण्याला फारशी किंमत नाही, असे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. परिचयपत्रातील एका ओळीसाठी सदस्यत्व घेणाऱ्यांची संख्या कोणत्याही नेटवर्कमध्ये लक्षणीय असते, आणि त्यांच्या गैरहजेरीचा भार उरलेल्यांवर पडतो. वर्षभरात एका कार्यगटाला महिन्याकाठी काही तास देणे शक्य नसेल, तर अर्ज पुढच्या वर्षी करावा.

११. नेटवर्कच्या नावाने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे अहवाल पाठवता येतो का?

नेटवर्कच्या नावाने पाठवायचा असेल तर त्याच्या कार्यकारी मंडळाची लेखी मंजुरी लागते. स्वतःच्या किंवा आपल्या विद्यापीठातील गटाच्या नावाने पाठवायला तिची गरज नसते. कलम ४४ नुसार सदस्य राष्ट्रांना पहिला अहवाल दोन वर्षांत आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी द्यावा लागतो, आणि कलम ४५ मुळे इतर सक्षम संस्थांकडूनही समितीला माहिती घेता येते. अठरा स्वतंत्र तज्ज्ञांची ही समिती जिनिव्हा येथे भरते आणि सरकारी अहवालासोबत इतरांकडून आलेल्या पर्यायी अहवालांचा तिच्या प्रश्नांवर खरोखर परिणाम होतो. अभ्यासकांची नेहमीची चूक म्हणजे शोधनिबंधच अहवाल म्हणून पाठवणे. समितीला सिद्धान्ताचा आढावा नको असतो. कोणत्या कलमाचे पालन कोठे होत नाही, त्याचा पुरावा काय आणि राष्ट्राला नेमके काय विचारावे, हे तिला थोडक्यात हवे असते. मुदती समिती जाहीर करते आणि उशिरा आलेला उत्तम अहवालही वाया जातो.

१२. मुलांच्या मुलाखती, चित्रे किंवा छायाचित्रे कार्यगटात दाखवली तर चालतील का?

मूळ संमतीमध्ये तशी मुभा घेतलेली असेल तरच. मुलाखत घेताना पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार ज्या हेतूसाठी घेतला, त्या हेतूबाहेर ती सामग्री वापरणे म्हणजे दोन्हींचा भंग होय. कार्यगट बंद दाराआड भरतो, सगळे अभ्यासकच असतात, ही सबब येथे चालत नाही. कलम १६ मुलाला खासगीपणाचा हक्क देते आणि त्यात संशोधकांसाठी अपवाद लिहिलेला नाही.

नाव काढून टाकले म्हणजे ओळख लपली, हा समज विशेष धोक्याचा आहे. वस्ती, वय, आजार आणि भावंडांची संख्या एवढे तपशील एकत्र आले की लहान समूहातील मूल ओळखू येते. चित्रांच्या बाबतीत तर मुलाने कोपऱ्यात लिहिलेले टोपणनावही पुरेसे ठरते. म्हणून कच्ची सामग्री न नेता विश्लेषण न्यावे. अवतरण आवश्यकच असेल तर त्यातील ओळख पटवणारे संदर्भ बदलावेत आणि बदल केल्याची नोंद ठेवावी. पुढील संशोधनात संमतिपत्र तयार करतानाच ‘इतर संशोधकांसोबत चर्चेसाठी’ असा वेगळा पर्याय ठेवावा आणि तो मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगावा. मूल नाही म्हणाले आणि पालक हो म्हणाले, तर मुलाचे नाही हेच उत्तर धरावे. याबाबत नीतिसमित्यांचे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समित्यांचे) नियम सर्वत्र सारखे नाहीत, पण बालहक्कांच्या नेटवर्कमध्ये याहून सैल भूमिका घेणे विसंगत ठरेल.

१३. संशोधनादरम्यान मुलाने स्वतःवरील अत्याचाराविषयी सांगितले, तर नेटवर्ककडे तक्रार करावी का?

नाही. नेटवर्क ही तक्रार निवारण यंत्रणा नाही, आणि सदस्यांच्या सामायिक ईमेलवर तर अशा घटनेचा उल्लेखही करू नये. आपण जेथे संशोधन करत आहात तेथील कायद्यानुसार माहिती देण्याचे बंधन आहे का आणि ती कोणाला द्यायची, हे पहिल्या मुलाखतीपूर्वीच माहीत असले पाहिजे. मुलाला ‘तू सांगशील ते कोणालाच कळणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. तू किंवा दुसरे कोणी धोक्यात आहे असे कळले तर मला मदत घ्यावी लागेल, हे सुरुवातीलाच सांगावे. प्रसंग उद्भवलाच तर शांतपणे ऐकावे, स्वतः चौकशी सुरू करू नये, पुढे काय होणार आहे ते मुलाला सांगावे आणि आधी ठरवलेल्या बालसंरक्षण यंत्रणेकडे प्रकरण सोपवावे. आपल्या संस्थेच्या नीतिसमितीला त्याची माहिती देणेही आवश्यक असते. नेटवर्कचा उपयोग त्याच्या आधी होतो: अशी पूर्वतयारी इतरांनी कशी केली, हे तेथे विचारता येते.

१४. मुले स्वतः सदस्य होऊ शकतात का?

बहुतेक शैक्षणिक नेटवर्कमध्ये औपचारिक सदस्यत्व प्रौढ अभ्यासकांपुरतेच असते, आणि यावर वारंवार व रास्तपणे आक्षेप घेतला जातो. त्यावर सल्लागार गट आणि सहसंशोधक म्हणून सहभाग अशा वाटा काढल्या जातात. सव्विसाव्या सर्वसाधारण टिप्पणीच्या तयारीत समितीने मुलांचा सल्लागार गट नेमला होता आणि १२१ देशांतील मुलांकडून १६ हजारांहून अधिक प्रतिसाद घेतले. तेव्हा ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. तथापि, परिषदेच्या उद्घाटनाला दोन मुलांना बोलावून छायाचित्र काढणे म्हणजे सहभाग नव्हे. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लुंडी यांनी २००७ मध्ये मांडलेल्या सहभागाच्या प्रारूपात मुलांना अवकाश, आवाज, श्रोता आणि प्रभाव या चारही गोष्टी मिळाल्या पाहिजेत असे म्हटले आहे. यांतील चौथी बहुतेक ठिकाणी गळते, म्हणजे मुलांनी सांगितल्यामुळे काय बदलले हे कोणी त्यांना परत येऊन सांगत नाही.

१५. बालहक्क कराराविषयीच माझे मतभेद आहेत. तरी अर्ज करावा का?

जरूर करावा. हा करार १९६ सदस्य राष्ट्रांनी व तत्सम पक्षांनी स्वीकारला आहे, आणि अमेरिकेने १९९५ मध्ये सही करूनही त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. तरीही तेथील अभ्यासकांचे या क्षेत्रातील योगदान मोठे आहे. म्हणजे देशाची भूमिका अर्जदाराच्या आड येत नाही, आणि वैचारिक मतभेदही येऊ नयेत. करारातील बालपणाची कल्पना एका विशिष्ट समाजातून आली आहे का, सर्वोत्तम हिताच्या नावाखाली प्रौढांचीच मते मुलांवर लादली जातात का, हे वाद या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहेत. बोलिव्हियाने २०१४ मध्ये काही अटींवर दहाव्या वर्षापासून काम करण्याची मुभा देणारा कायदा केला, तेव्हा काम करणाऱ्या मुलांच्या संघटनांच्या मागणीला महत्त्व द्यायचे की किमान वयाच्या आंतरराष्ट्रीय मानकाला, यावर बालहक्कांचे अभ्यासकच दुभंगले होते. पुढे २०१८ मध्ये ती तरतूद मागे घेण्यात आली, पण वाद मिटला नाही. पुराव्यानिशी केलेली टीका स्वागतार्ह असते. मुलांना हक्क असतात हेच अमान्य असेल, तर मात्र नेटवर्कमध्ये येऊन काय साधायचे आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

१६. माझ्या संशोधनाला खासगी कंपनीचा निधी आहे, किंवा मी सरकारी सेवेत आहे. अडचण येईल का?

जाहीर केले तर सहसा येत नाही. लपवले तर येते. मुलांसाठी उत्पादने किंवा डिजिटल सेवा विकणाऱ्या कंपनीचा निधी असेल, तर संबंधित कार्यगटात आपली भूमिका मर्यादित ठेवली जाऊ शकते. सरकारी सेवेतील अभ्यासकाने सार्वजनिक निवेदनांवर सही करण्यापूर्वी सेवाशर्ती तपासाव्यात, आणि आपल्याच विभागाच्या कामाचे मूल्यमापन असेल तर त्या चर्चेतून बाजूला राहावे. समितीकडे जाणाऱ्या अहवालांच्या बाबतीत (प्रश्न ११ पाहा) ही काळजी दुप्पट घ्यावी.

१७. इंग्रजीत लिहिण्याची सवय नाही. त्यामुळे अर्ज मागे पडेल का?

दुर्दैवाने पडू शकतो, कारण बहुतेक आंतरराष्ट्रीय नेटवर्कचे कामकाज इंग्रजीतच चालते आणि चांगले संशोधन त्या गाळणीत अडकते. अर्ज सोप्या, छोट्या वाक्यांत लिहावा आणि आपल्या भाषेतील प्रकाशनांची शीर्षके भाषांतरासह द्यावीत. ती वगळू नयेत. कलम ४२ नुसार करार मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून देण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर आहे, आणि ते मुलांच्या भाषेत लिहिणाऱ्यांशिवाय पार पडत नाही. त्यामुळे आपल्या भाषेतील काम ही उणीव म्हणून न मांडता योगदान म्हणून मांडावे.

१८. अर्ज नाकारला गेला. पुन्हा करता येतो का?

येतो. आधी कारणे लेखी मागावीत. संशोधनाची चौकट पुरेशी स्पष्ट नाही असे उत्तर आले, तर प्रश्न ५ मधील कसोटी लावून पत्र नव्याने लिहावे. सदस्यसंख्येची मर्यादा हे कारण असेल, तर प्रतीक्षायादीत नाव ठेवण्याची विनंती करावी. दरम्यान सर्वांना खुल्या असलेल्या व्याख्यानांना आणि परिषदांना जाणे, तेथे निबंध वाचणे आणि एखाद्या सदस्यासोबत छोटे काम सुरू करणे यांसाठी सदस्यत्वाची वाट पाहण्याचे कारण नाही.